शब्द कुठे पडतो

गेल्या दिवाळीत कल्याणला बहिणीकडे फराळ चालू असताना वाद पेटला. एका बाजूला माझा शाळेपासूनचा मित्र. नव्वदच्या दशकात कॅसेट मागेपुढे करून त्याने नास आणि टुपाक हे अमेरिकन रॅपर पाठ केले होते, वहीत उतरवून काढले होते. ती वही त्याच्याकडे अजून आहे. दुसऱ्या बाजूला माझा एकोणीस वर्षांचा भाचा, ज्याच्या कानात बाराही महिने अटलांटाचं नवं रॅप वाजत असतं. मित्र म्हणाला, "आताच्या रॅपमध्ये शब्दच उरले नाहीत रे. तोंडातल्या तोंडात पुटपुटतात नुसते." भाचा म्हणाला, "काका, शब्द कोण ऐकतं? फील बघायचा." आवाज चढले, चकल्या ताटात तशाच राहिल्या आणि शेवटी बहिणीने दोघांना गप्प केलं. मी तेव्हा काही बोललो नाही, पण ते डोक्यातून गेलंही नाही. हा वाद सगळीकडे असाच चालतो. आणि गंमत बघा, दोन्ही बाजू ज्या गोष्टीवर तावातावाने भांडतात तिच्याबद्दल मुळात त्यांचं एकमत असतं: नव्या रॅपमध्ये शब्दांना किंमत नाही. एकाला त्याचं दुःख आहे, दुसऱ्याला त्याचं काही वाटत नाही, एवढाच फरक.

मला ते एकमतच मान्य नाही. रॅपचे बोल म्हणजे कागदावर उतरवता येतो तो मजकूर, असं धरून चाललं की पुढचं सगळं भांडण चुकत जातं. रॅपमधली ओळ शब्द, ठोका, आवाजाची जात आणि श्वास या चौघांची मिळून बनते. शब्द कोणता निवडला याला जितकं महत्त्व, तितकंच तो ठोक्याच्या अलीकडे पडला, पलीकडे पडला की नेमका वर पडला याला. या मापाने ऐकलं तर कसदार आणि भुसकट यांच्यामधली रेघ कुठल्याही सालावरून जात नाही. ती दोन्ही काळांच्या पोटातून जाते.

मित्राच्या बाजूने जे खरं आहे ते आधी मान्य करतो, कारण ते थोडंथोडकं नाही. १९८१ साली न्यूयॉर्कमध्ये, हार्लेम वर्ल्ड या क्लबात कूल मो डी आणि बिझी बी यांची जुगलबंदी झाली. बिझी बी गर्दी पेटवण्यात पटाईत. आरोळी द्यायची, लोकांकडून उलट आरोळी घ्यायची, सगळं सभागृह डोलवायचं, हे त्याचं बळ. कूल मो डी घोटून आणलेल्या ओळी घेऊन आला आणि भर गर्दीत त्याच्या चिंध्या केल्या. त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण हातोहात फिरलं. पुढची कित्येक वर्षं रॅपरला दारातून आत यायचं तर अशा परीक्षेतून जावं लागे. आपल्याकडे कलगी-तुऱ्याच्या फडात सवालाला जवाब देता आला नाही तर शाहिराला मान खाली घालावी लागे, तसंच. आज ते दार राहिलेलं नाही. खोलीत बसून गाणं करा, रात्रीत जगभर पोचवा, वाटेत कुणी अडवून "हा शब्द इथे का?" असं विचारणार नाही. त्यात स्ट्रीमिंगचा हिशोब: स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की ते एकदा ऐकल्याची नोंद होते. मग तीन कडवी कष्टाने रचणाऱ्याला तिसऱ्या कडव्याचे वेगळे पैसे कोण देणार? गाणी आखूड झाली, हुक, म्हणजे धृपदासारखी परतपरत येणारी ओळ, सुरुवातीलाच यायला लागलं, तिसरं कडवं दुर्मीळ झालं. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. कथा सांगणाऱ्या रॅपमध्ये गोष्ट वळण घेते ती बहुधा तिसऱ्या कडव्यात. कारागिरीची किमान पातळी खाली आली आहे, हे मी कबूल करतो.

पण यावरून सुवर्णकाळ सरला असं ठरवायचं, तर तो काळ तेव्हा कसा दिसत होता हेही पाहायला नको का? बिलबोर्ड या अमेरिकन नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलेलं पहिलं रॅप गाणं १९९० चं, व्हॅनिला आइसचं. त्याच वर्षी एम. सी. हॅमरचा अल्बम अल्बमांच्या यादीत २१ आठवडे अव्वल होता. मित्राच्या वहीचं पहिलं पान ज्याने भरलंय तो नासचा 'इलमॅटिक' १९९४ साली आला आणि बाराव्या क्रमांकापर्यंत चढून उतरला. म्हणजे ज्याला आपण 'तेव्हाचं रॅप' म्हणतो ते तेव्हाच्या बाजारातलं रॅप नव्हतंच. चाळणीतून गाळून राहिलेलं धान्य एका हातात आणि आजचं न पाखडलेलं पोतं दुसऱ्या हातात, अशी ही तुलना आहे. आणि रॅप बिघडल्याचा विलाप? तोही त्याच काळातला. १९९४ मध्येच कॉमन नावाच्या रॅपरने हिप-हॉपला हातून गेलेल्या प्रेयसीचं रूप देऊन गाणं केलं. १९९६ मध्ये डी ला सोलने हीच तक्रार मांडली. २००६ मध्ये खुद्द नासने अल्बमच्या नावातच हिप-हॉप मेल्याचं जाहीर केलं. ज्या वर्षांना आपण शिखर मानतो त्या वर्षांत शिखरावरची माणसं उताराबद्दल बोलत होती. मग आज तेच बोलताना आपण थोडं थांबायला नको?

आता कारागिरीकडे येतो, कारण 'बोल चांगले' म्हणजे नेमकं काय चांगलं हे दोघांपैकी कुणीच सांगत नाही. १९८६-८७ मध्ये लाँग आयलंडचा रकीम आला. तोवरचं रॅप बहुतेक ओळीच्या शेवटी यमक आणून संपत असे, आणि तेही ओरडून. रकीम लहानपणी सॅक्सोफोन वाजवायचा, जॉन कोलट्रेन ऐकत वाढला. चार बार, म्हणजे तालाची चार आवर्तनं, त्याला आलेखासारखे दिसत, त्यात अक्षरं कुठे कुठे बसवायची ते तो ठरवी, असं त्याने मुलाखतींत सांगितलंय. त्याने यमक ओळीच्या शेवटून उचललं आणि पोटात नेलं. हे मराठीतच करून बघा. "लोकल चुकली" याला नुसतं यमक जोडायचं तर शेवटी 'ली' आली की भागतं. पण "लोकल चुकली, मोटर रुतली, ओंजळ सुकली" असं म्हटलं की 'ओ-अ-उ-ई' ही स्वरांची अख्खी माळ तीनदा फिरते, व्यंजनं बदलत राहतात. आता यातली 'लोकल' ठोक्यावर ठेवा, 'मोटर' अर्धा ठोका उशिरा आणा आणि 'ओंजळ' आधीच्या ओळीच्या शेपटाला चिकटवा. शब्द तेच, पण वाक्य धापा टाकायला लागतं. वहीत लिहिलं की यातलं काहीच दिसत नाही, तीन सरळ वाक्यं दिसतात. आणि रकीमचं तेव्हा स्वागत कसं झालं? पहिल्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी स्टुडिओतल्या जाणत्यांनी त्याला जरा जोर लाव, जीव ओत, असं सुचवलं. त्याचा शांत आवाज त्यांना मरगळलेला वाटला होता. आज त्याच आवाजाला आपण अभिजात म्हणतो.

कागद हे माप नव्हे याचा याहून मोठा पुरावा असा की या कलेतले कित्येक थोर लोक कागदच वापरत नव्हते. नोटोरियस बी.आय.जी. आणि जे-झी कडवी डोक्यातच रचत आणि थेट माइकसमोर उभे राहत. लिल वेननेही पुढे लिहिणं सोडलं. ज्यांच्या ओळी मित्रासारख्यांनी वहीत उतरवल्या त्यांतल्या काहींनी स्वतः त्या कधी लिहिल्याच नव्हत्या!

यावर म्हणतील, तंत्र ठीक आहे, पण अर्थाचं काय? अर्थाकडेच येतोय. केंड्रिक लामारच्या २०१२ च्या अल्बममध्ये बारा मिनिटांचं एक गाणं आहे. पहिल्या कडव्यात एका मारल्या गेलेल्या मुलाचा भाऊ बोलतो. तुझा अल्बम येण्याआधी मी मेलो तर, असं काहीतरी म्हणत असतानाच गोळ्यांचे आवाज येतात आणि वाक्य अर्धवट तुटतं. दुसऱ्या कडव्यात एक मुलगी बोलते. मी विरणार नाही, मी कधीच विरणार नाही, असं ती ठासून सांगत राहते आणि तिचा आवाज हळूहळू बारीक होत जातो, संगीत तसंच चालू राहतं, ती बोलतच असते आणि आपल्याला ऐकू येईनाशी होते. हे कडवं छापून वाचलं तर एका हट्टी मुलीचं ठाम भाषण आहे. कानाने ऐकलं तर पोटात कालवतं. अर्थ कुठे आहे इथे? शब्दांत की आवाज विझण्यात? दोन्ही वेगळे काढताच येत नाहीत. २०१८ मध्ये याच केंड्रिकच्या 'डॅम' या अल्बमला पुलित्झर मिळालं, तेही संगीताचं, आणि मानपत्रात गौरव होता बोलीच्या अस्सलपणाचा आणि लयीच्या चैतन्याचा. त्या निवड समितीला जे दिसलं ते आपल्या भांडणात येतच नाही.

आणखी एक सवय म्हणजे मोजण्याची. २०१४ मध्ये आकडेवारीवर लिहिणाऱ्या मॅट डॅनियल्सने रॅपरांच्या पहिल्या ३५,००० शब्दांत वेगवेगळे शब्द किती ते मोजलं. एसॉप रॉक सगळ्यात वर, ७,३९२. डी.एम.एक्स. तळाला, ३,२१४. शेक्सपिअर त्याच मापाने ५,१७०. हे आकडे रसिक एकमेकांना फेकून मारतात. पण डी.एम.एक्स. ज्याने ऐकलाय त्याला विचारा. त्या माणसाच्या अल्बममध्ये प्रार्थना असायच्या, अक्षरशः देवाशी बोलणं असायचं, आणि खरखरीत, गुरगुरत्या आवाजात तो मोजकेच शब्द पुन्हा पुन्हा घासत राहायचा. १९९८ या एकाच वर्षात त्याचे दोन अल्बम निघाले, आणि दोन्ही पहिल्या क्रमांकावर पोचले. कमी शब्दांचं हे सामर्थ्य मराठी माणसाला नवीन असायचं कारण नाही. मोरोपंतांनी एकशेआठ रामायणं रचली, त्यातलं एक तर ओठ न मिटता म्हणता येईल असं, प-फ-ब-भ-म टाळून. त्या करामतीपुढे हात जोडावेत अशीच ती आहे. तुकोबांकडे असलं काही नाही, गावातले, शेतातले, दुकानातले शब्द आहेत. दोघांना एकाच श्लोकात बसवून "आर्या मयूरपंताची" आणि "अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची" म्हणणाऱ्या परंपरेत वाढलेल्या आपण, एमिनेमच्या एका गाण्यात १,५६० शब्द आहेत म्हणून तो इतरांहून मोठा, असं कसं म्हणायचं? एमिनेम मोठा आहे. त्याचं कारण तो आकडा नाही.

आता थोडं आपल्याबद्दल. अमेरिकन रॅप आपल्यातल्या बहुतेकांनी ऐकण्यापेक्षा वाचलं जास्त. मित्राने स्वतःच्या वहीतून, माझ्यासारख्यांनी सायबर कॅफेत छापून घेतलेल्या पानांवरून, भाच्याच्या पिढीने जीनियस या गाण्यांचे बोल देणाऱ्या संकेतस्थळावरून. इंग्रजी आपली शिकलेली भाषा, त्यामुळे डोळ्यांचा आधार लागणारच, त्यात कमीपणा काही नाही. पण त्यातून एक घोळ झाला. न्यूयॉर्कच्या जुन्या रॅपरांचे उच्चार त्यातल्या त्यात सुटे, म्हणून ते आपल्याला वाचल्यासारखे ऐकू येतात. अटलांटाचे, मेम्फिसचे, ह्यूस्टनचे स्वर लांबतात, व्यंजनं गळतात, ती अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या लोकांची बोली आहे. ती आपल्याला कळत नाही, आणि आपल्याला कळलं नाही याचं रूपांतर आपण 'त्यांना बोलता येत नाही' यात करतो. ही चूक न्यूयॉर्कनेही केली होती. १९९५ मध्ये सोर्स या हिप-हॉप मासिकाच्या पुरस्कार सोहळ्यात अटलांटाच्या आउटकास्ट या जोडीला पारितोषिक मिळालं तेव्हा सभागृहाने हुर्यो उडवली. त्यातला आंद्रे ३००० माइकवर म्हणाला की दक्षिणेला काहीतरी सांगायचंय. आज शब्दप्रभू रॅपरांची यादी करायला बसलं तर त्याला वगळून कुणाची पुरी होत नाही.

आपल्या भाषेतही हा प्रसंग येऊन गेलाय. १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह आला. प्रस्तावना लिहायला बसलेल्या विजय तेंडुलकरांना त्यातले कितीतरी शब्द अडले. तेंडुलकरांसारखा कान असलेला माणूस! त्यांनी काय केलं? ढसाळांना गाठून विचारलं, आणि विचारल्याचं लपवलं नाही. त्याच वर्षी ढसाळ आणि त्यांच्या मित्रांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडे पाहून दलित पँथर उभी केली. काळ्या वस्त्यांचा आवाज आणि कामाठीपुऱ्याचा आवाज यांचं नातं तेव्हा त्या पोरांना कळलं होतं. आज त्याच काळ्या वस्त्यांची बोली ऐकून आपण 'पुटपुटणं' म्हणतो तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. विचारायचे कष्ट आपण घेतले का?

भाच्याला मात्र मी इथे मोकळा सोडणार नाही. 'शब्द कोण ऐकतं' हे वाक्य ऐकायला उदार वाटतं, पण त्यात त्याच्या आवडत्या रॅपरांचाच अपमान आहे. अटलांटाच्या यंग थगचा २०१६ मधला एखादा मिक्सटेप घ्या. एका गाण्यात तो घसा खरवडून काढतो, दुसऱ्यात कोवळा होतो, स्वर ताणून एका शब्दातून दुसरा पिळून काढतो. हे नुसत्या मूडवर होत नाही, कान आणि जीभ वर्षानुवर्षं घासल्यावर होतं. त्याला 'फील' म्हणून सोडून देणं म्हणजे गायकाची तान ऐकून 'छान वाटलं' एवढंच म्हणून उठणं. आणि लोक शब्द ऐकत नाहीत, हे तरी खरं आहे का? ९ फेब्रुवारी २०२५ ला न्यू ऑर्लिन्सच्या स्टेडियममध्ये, सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या मध्यंतरात, केंड्रिक त्याच्या गाजलेल्या गाण्यातल्या एका ओळीपाशी आला; रॅपर ड्रेकशी झालेल्या वादातलं ते गाणं. ती ओळ म्हणजे संगीतातल्या एका स्वरमेळाच्या नावावर केलेला श्लेष आहे, शेवटचा शब्द तो लांबवतो. सगळं स्टेडियम ती ओरडलं. त्या गाण्यातल्या आरोपांच्या खरेखोटेपणात मी शिरत नाही, तो वेगळा विषय आहे. पण हजारो लोक एका सुरात श्लेष ओरडतायत, हे दृश्य बघून शब्द मेले असं म्हणवत नाही. त्या वादानंतर 'लिरिक्स परत आले' असं लिहिलं गेलं. ते गेले कधी होते? त्याच काळात लिटल सिम्झ होती, बिली वुड्स होता, जे.आय.डी. होता, रॅप्सडी होती.

हे नुसतं आवडीनिवडीचं भांडण असतं तर मी इतकं लिहिलं नसतं. २०२२ मध्ये अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात यंग थगवर टोळीच्या गुन्हेगारीचा खटला उभा राहिला, आणि पुढच्या वर्षी त्याच्या गाण्यांतल्या काही ओळी पुरावा म्हणून मांडायला न्यायाधीशांनी सशर्त परवानगी दिली. खटल्यातल्या इतर गोष्टींचा निवाडा मी करत नाही. पण न्यायालयात ओळ वाचून दाखवली जाते. बीट नाही, अतिशयोक्तीचा सूर नाही, पात्राचा आवाज नाही, सपाट आवाजात वाचलेला कबुलीजबाब तेवढा उरतो. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्येच कायदा करून अशा वापरावर बंधनं घातली ती याच भीतीपोटी. आपल्याकडे मर्ढेकरांच्या कवितेवर अश्लीलतेचा खटला झाला, ते निर्दोष सुटले, पण कवितेतला शब्द फिर्यादीतल्या शब्दासारखा वाचला की काय होतं ते आपण पाहिलंय. ज्याच्या शब्दांना रसिकच शब्द मानत नाहीत, त्याचे तेच शब्द सरकारी वकील मात्र अक्षरशः खरे मानतो. मग त्या माणसाच्या बाजूने, ही कला आहे, हे कोण सांगणार?

परवा रविवारी मित्र घरी आला, भाचाही होता. मी मुद्दाम मिगोजचं २०१३ चं ते गाणं लावलं ज्यात एका फॅशनच्या ब्रँडचं नाव सारखं सारखं येतं. मित्र नेहमी त्याचाच दाखला द्यायचा, "एकच शब्द, आणि म्हणे रॅप!" मी म्हटलं, शब्द सोड, हाताने ताल धर. लहानपणी देवळातल्या भजनात त्याने चार-पाच वर्षं तबला वाजवलाय. बोटं टेबलावर चार ठोके देत राहिली. मग त्याने दुसरा हात वर घेतला आणि त्या नावाची तीन अक्षरं वाजवायला लागला. तकिट, तकिट, तकिट.

"अरे, हा तिश्रात बोलतोय."

थोडा वेळ तसाच वाजवत राहिला. मग म्हणाला, हे मी आधी ऐकलंय. कुठे, ते त्याला आठवेना. आठवलं ते चहा संपता संपता: क्लीव्हलँडचे बोन थग्ज, १९९५ चा अल्बम. त्याच्याकडे कॅसेट होती. ते लावलं. चौघं-पाच जण एकमेकांच्या अंगावरून शब्द फेकत, गात, पळत सुटले. भाच्याने मोबाइल खाली ठेवला आणि पुढे वाकून ऐकायला लागला. "काका, काय म्हणतायत हे?"

मित्राने जरा विचार केला. "अर्ध्याहून जास्त मला कधी लागलंच नाही," तो म्हणाला. "दोन वर्षं रोज ऐकत होतो."